घरात पूर्वी काय होतं?

डिसेंबर लागला की नाशिकच्या ड्रेपरीवाल्यांकडे पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या शाळांची गॅदरिंगं त्याच सुमारास येतात. कोळीगीताला टोप्या आणि रुमाल, शेतकरी नाचाला पटके आणि घोंगड्या, लावणीला नऊवारी, वासुदेवाला मोरपिसांची टोपी. एक गाठोडं वेगळं असतं, त्यावर 'आदिवासी' अशी चिठ्ठी. ते सोडलं की गवताचे घागरे, पिसं खोचलेल्या डोकेपट्ट्या आणि चंदेरी कागद लावलेले भाले निघतात. मुलांच्या अंगाला काळा रंग फासतात, गालांवर पांढऱ्या रेघा ओढतात आणि कुठल्याच भाषेत नसलेल्या आरोळ्या देत मुलं स्टेजभर उड्या मारतात. पालक टाळ्या वाजवतात.

नाशिक जिल्ह्यात दर चार माणसांमागे एक माणूस आदिवासी आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, काथोडी. यांपैकी कुणाच्याही घरात गवताचा घागरा नाही. सुरगाणा-पेठकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, की तिथे रात्रभर एकेक सोंग लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा चढवून येतं, प्रत्येक सोंगाची चाल ठरलेली, वाजप ठरलेलं. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचं व्रत धरलेली माणसं पावरी या फुंकवाद्याच्या सुरावर फेर धरतात, त्या व्रताचे नियम कडक असतात. हे सगळं आजोळी पाहून आलेला कोकणा मुलगा गॅदरिंगच्या दिवशी खाली खुर्चीत बसून स्टेजवरचा 'आदिवासी' बघत असतो. त्या वेळी त्याच्या मनात काय चालतं, हे विचारायची सोय आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नाही.

मी नववी-दहावीला मराठी शिकवते. स्टेजवर उभं राहिलं की मुलं फुलतात, वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी नाचताना ओळखू येत नाही, हे मी पाहिलं आहे आणि गॅदरिंग बंद करावं असं मला कधीच वाटलं नाही. पण तेरा ते सोळा या वयात मुलांच्या मनात एक प्रश्न जागा झालेला असतो. आपण कोण, कुणातले, आपल्या घरातलं काय आपलं म्हणायचं आणि काय नाही. भाड्याच्या कपड्यांतून त्याचं उत्तर मिळत नाही. 'परंपरेचा अभिमान बाळगा' असं सांगूनही मिळत नाही. ते मुलाने स्वतः शोधायचं असतं, आणि शाळेने त्यासाठी वेळ, सवड आणि सुरक्षितता द्यायची असते. या शोधात घराने जपलेल्या गोष्टी सापडतात, तशाच सोडून दिलेल्या आणि लपवलेल्याही सापडतात. शाळा पहिल्या प्रकारापाशी थांबते. माझं सगळं म्हणणं उरलेल्या दोन प्रकारांबद्दल आहे.

रोज परिपाठाला आम्ही प्रतिज्ञा म्हणतो. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली, पुढे ती देशभर गेली. 'माझ्या देशातल्या समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांचा मला अभिमान आहे' हे वाक्य पहिलीतल्या मुलालाही पाठ असतं. एकदा परिपाठ संपल्यावर वर्गात मी विचारलं, यातली तुमची परंपरा कोणती? शिवजयंती, गणपती, दिवाळी अशी उत्तरं आली. ती खरीच होती. मग मी विचारलं, तुमच्या घरात पूर्वी होतं आणि आता नाही असं काय आहे? वर्ग शांत झाला. ही शांतता उत्तर न येण्याची नव्हती, आठवण्याची होती. तिथून आमचा उपक्रम सुरू झाला.

नववी-दहावीला 'स्वविकास व कलारसास्वाद' नावाचा विषय असतो. त्याची तासिका वेळापत्रकात असते आणि बहुतेक शाळांत तिथे गणित किंवा विज्ञान शिरतं. इतिहासाच्या सरांनी आणि मी मिळून ती मागून घेतली. आमच्या शाळेभोवती कारखाने आहेत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी दोन-तीन पिढ्यांत जी माणसं ओढून आणली त्यांची मुलं आमच्याकडे येतात. धुळे-जळगावकडची अहिराणी घरं पुष्कळ. बीड-परभणीकडून आलेली, सुरगाणा-पेठवरून खाली उतरलेली, मालेगावची, बंजारा तांड्यावरची, आणि अलीकडे बिहार-उत्तर प्रदेशातली. छठला गोदावरीच्या घाटावर जाणारी मुलं आणि खानदेशातल्या कानबाईच्या सणाला गावी जाणारी मुलं एकाच बाकावर बसतात आणि एकमेकांच्या घरात काय चालतं याचा त्यांना पत्ता नसतो.

सुरुवात करण्याआधी पालकसभेत विषय मांडला. एक वडील उभे राहिले. शांत माणूस, कंपनीत फिटर. म्हणाले, "मॅडम, गाव सोडून आलो ते हे प्रश्न मागे टाकायला. आमच्या शॉपमध्ये मला कुणी काही विचारत नाही. आता पोराला शाळेत का विचारताय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे 'तुम्ही कुठले' या साध्या प्रश्नाच्या पोटात 'तुम्ही कोण' हा दुसरा प्रश्न असतो आणि तो कशासाठी विचारलाय हे ज्याला सोसावं लागलंय त्याला लगेच कळतं. आम्ही त्यांना आणि सगळ्यांनाच शब्द दिला: वर्गात जातीचा उल्लेख शिक्षक करणार नाहीत. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायची सक्ती नाही. प्रत्येक वहीत काही पानं बंद ठेवता येतील, ती आम्ही उघडणार नाही. मुलाची आणि घरच्यांची हो असल्याशिवाय काहीही भिंतीवर लागणार नाही. वंशवृक्ष काढायला सांगणार नाही, कारण प्रत्येक मुलाच्या घरात तो काढता येण्यासारखा असतोच असं नाही. ते वडील पुढे उपक्रम संपेपर्यंत या विषयावर माझ्याशी बोलले नाहीत. मुलाला मात्र त्यांनी अडवलं नाही.

या कामाला मानसशास्त्रात आधार आहे, आणि तो मला धीर देणारा वाटला. किशोरवयातल्या ओळखीचा विचार ज्यांनी पहिल्यांदा नीट मांडला त्या एरिक एरिक्सन यांना स्वतःचे जन्मदाते वडील कोण हे कधीच कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव त्यांनी लावलं आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेताना एरिक्सन हे नाव स्वतःच निवडलं. त्यांच्या मांडणीवर जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली पुढचं काम केलं. त्यात एक फरक स्पष्ट केला आहे: काही मुलं मोठ्यांनी हातात दिलेली ओळख न तपासता घेऊन टाकतात, काही शोध घेऊन मग ठरवतात. बाहेरून दोन्ही ठाम दिसतात. आमच्या वर्गात हा फरक मी रोज बघते.

अमेरिकेत अॅड्रियाना उमान्या-टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नववीच्या मुलांसाठी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम बनवला. काही वर्गांना तो शिकवला, काही वर्गांना त्याऐवजी शाळेनंतरच्या शिक्षणाची आणि नोकऱ्यांची माहिती दिली. त्याचे निष्कर्ष २०१८ साली छापून आले. पहिल्या गटातल्या मुलांनी आपल्या वंशाबद्दल, घराबद्दल जास्त शोध घेतला. त्या शोधातून पुढे स्पष्टता आली, आणि वर्षभराने त्यांचा आत्मसन्मान, अभ्यासातलं लक्ष, मनाची उभारी या सगळ्यांत फरक दिसला. त्या अभ्यासक्रमात मुलांना 'तुमची संस्कृती अशी आहे' असं कुणी सांगत नाही. घरातल्या माणसांची मुलाखत घ्यायची, आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या वस्तूंचे फोटो आणायचे, आपल्या गटावर झालेल्या अन्यायाचा इतिहास वाचायचा, आणि एकाच गटातली माणसं किती वेगवेगळी असतात हेही बघायचं. तिथे वंश आणि वर्ण हा कणा आहे. इथे भाषा, स्थलांतर आणि जात. ते जसंच्या तसं उचलून आपल्याकडे चालणार नाही, पण त्यातला क्रम मला पटला. आधी शोध, मग ठरवणं, आणि मधली घाई नाही.

भाषेपासून सुरुवात सोपी गेली. 'घरात भांडण झालं की कुठल्या भाषेत होतं?' असं विचारलं आणि वर्गाला हसू फुटलं. अहिराणी, भोजपुरी, कोकणी (गोव्याची नव्हे, कोकणा लोकांची), गोरमाटी (बंजारा लोकांची), मालेगावची उर्दू. एक मुलगा, जो निबंधात कधी चार ओळींच्या पुढे जात नाही, त्याने आईचं आणि आजीचं कानबाईच्या तयारीवरून झालेलं भांडण अख्खं अहिराणीत करून दाखवलं. कानबाईचे रोट करताना घरातल्या माणसांच्या नावाने गहू मोजून घेतात, भाऊबंद एकत्र बसून ते रोट खातात, शहरात गेलेला मुलगा त्या रविवारी आला नाही तर त्याची विचारणा होते, हे त्याच्या तोंडून वर्गाने ऐकलं. तो बोलायचा थांबला तेव्हा एकाने विचारलं, मग तू वर्गात असं का बोलत नाहीस?

याचं उत्तर आम्हा मराठीच्या शिक्षकांकडे आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता पाठ्यपुस्तकात येते तेव्हा आम्ही तिच्यातल्या बोलीचं सौंदर्य समजावून देतो, त्यावर रसग्रहणाचा प्रश्न असतो. त्याच पट्ट्यातलं मूल तसाच शब्द उत्तरपत्रिकेत लिहितं तेव्हा त्याखाली लाल रेघ येते. प्रमाण मराठी शिकवायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, तिच्यावर मुलांची पुढची सगळी दारं अवलंबून आहेत. पण घरची बोली चुकीची आणि शाळेची बरोबर असा समज घेऊन मूल मोठं होत असेल तर ते आईला आणि आजीला चुकीचं ठरवत मोठं होतं. ही गोष्ट कुठल्याही गौरवदिनाच्या भाषणाने भरून निघत नाही. आम्ही वहीत अहिराणी किंवा गोरमाटी शब्दाखाली रेघ न ओढता शेजारी प्रमाण शब्द लिहायला लागलो. एवढंच केलं. निबंध लांब झाले.

इतिहासाच्या सरांनी २०११च्या जनगणनेचे आकडे फळ्यावर लिहिले. लोकांनी आपली मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं १९,५६९ होती. छाननी होऊन त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि शेवटी त्यांची १२१ भाषांत वाटणी झाली. त्यात बंजारा लोकांची भाषा हिंदीखाली धरली आहे. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, मग माझी आजी हिंदी बोलते?" तिच्या आजीला हिंदी येत नाही. सरांनी तिला उत्तर दिलं नाही, उलट सांगितलं की हा प्रश्न वहीत लिही आणि त्याचं उत्तर तूच शोध. तिने आजीकडून शंभरेक शब्द गोळा केले, तीन रकाने पाडले: गोरमाटी, मराठी, हिंदी. त्यानंतर ती फक्त शब्दांवर थांबली नाही. तांडा म्हणजे काय, पूर्वी लमाण, म्हणजे बंजारा, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून कुठून कुठवर जायचे, रेल्वे आल्यावर तो धंदा कसा बसला, हे तिने सरांकडून समजून घेतलं. १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याबद्दलही तिला कळलं. इंग्रजांनी अख्ख्या जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली रद्द झाला. तोवर तिने पुस्तकात 'भटके' एवढाच शब्द वाचला होता. श्रावणातल्या तीजेला टोपलीत गहू पेरून मुली नाचतात ते तिला माहीत होतं, कारण तांड्यावर तीही नाचली होती. पण ती ते शाळेत कधी बोलली नव्हती, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

एक प्रश्न सगळ्यांना सारखा होता: तुमच्या घरातून या गावात पहिल्यांदा कोण आलं, कशासाठी? इथे आम्हाला अनपेक्षित असं काही सापडलं. वही मागून वही वाचताना एकच साल पुन्हा पुन्हा येत होतं. १९७२. आजोबा बहात्तरच्या दुष्काळात आले. पणजोबांनी बहात्तरला बैल विकले. आजी बहात्तरला खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, घरी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी व्हायच्या, त्या गिळवत नसत. पाठ्यपुस्तकात रोजगार हमीची सुरुवात एका ओळीत संपते. इथे ती ओळ निम्म्या वर्गाच्या घरात शिरली होती. मराठवाड्यातल्या मराठा शेतकऱ्याचा नातू, तांड्यावरची मुलगी, वंजारी घरातला मुलगा आणि बौद्ध घरातली मुलगी, चौघांच्या आज्या एकाच वर्षी रस्त्याच्या कामावर होत्या. हे चौघांना वर्गात कळलं. मालेगावहून आलेल्या मुलाने मग आपल्या घरची गोष्ट सांगितली. त्याचे पूर्वज विणकर, १८५७च्या उठावानंतर उत्तरेकडून मुंबई-आग्रा रस्त्याने खाली आले आणि मालेगावात मागावर बसले. आमच्या शाळेपासून तो रस्ता जवळच आहे, मुलं रोज त्यावरून येतात.

मला या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते एका मुलीचं काम, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे.

ती बौद्ध घरातली. 'घरातली जुनी वस्तू आणा' असा एक तास होता. कुणी पितळी गडू आणला, कुणी आजोबांचा पावा, कुणी खापरावरचे मांडे करायचं खापर. ती रिकाम्या हाताने आली आणि म्हणाली, आमच्याकडे जुनं काही नाही. तिच्या आवाजात संकोच होता. मी म्हटलं, का नाही, हे आजीला विचारून बघशील का? ती दोन आठवडे काही बोलली नाही. मग एक दिवस वही दिली.

आजी सात-आठ वर्षांची असतानाची गोष्ट होती. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर गावोगाव दीक्षेचे कार्यक्रम झाले. आजीच्या वडिलांनी घरी येऊन देव्हाऱ्यातले सगळे टाक एका फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. आजीची आई रडली होती. देव गेले म्हणून की आता काय होईल या भीतीने, ते आजीला सांगता आलं नाही. येसकरीची, म्हणजे गावकामाच्या बदल्यात घरोघर मागायची, भाकरी आणायला जायचं त्याच सुमारास बंद झालं. मेलेलं जनावर ओढायचं बंद झालं. गावाने काही महिने त्रास दिला. आजोबा पुढे नाशिकला प्रेसमध्ये लागले. आजीने हेही सांगितलं की तिच्या वडिलांचे वडील काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० पासून जवळजवळ पाच वर्षं चाललेल्या त्या सत्याग्रहाचा धडा मुलीने इतिहासात वाचला होता, पंचवटीतलं ते मंदिर बाहेरून पाहिलं होतं, पण त्या धड्यात आपला खापरपणजोबा आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराचा जो निर्धार जाहीर केला ते येवलं तिच्या मावशीचं गाव.

वहीच्या शेवटी तिने लिहिलं होतं की आमच्याकडे जुनं काही नाही, कारण आमच्या माणसांनी ते विचार करून सोडलं. पुढे आजीला पाठ असलेल्या वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची यादी होती. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. आजीची गाण्याची वही जीर्ण झाली आहे आणि ती शाळेत आणायला आजीने परवानगी दिली नाही, असंही तिने नोंदवलं.

सांस्कृतिक वारशाच्या नावाखाली आपण शाळेत जे काही करतो, त्या सगळ्यात जुनं टिकवणं हेच पुण्य मानलेलं असतं. या मुलीच्या घरातली सर्वांत मोठी सांस्कृतिक घटना ही सोडण्याची आहे. ज्या माणसाने ते फडकं नदीत सोडलं त्याचं धैर्य देव्हारा जपणाऱ्या माणसाच्या श्रद्धेइतकंच त्या घराचा वारसा आहे. 'जुनी वस्तू आणा' असं सांगणाऱ्या उपक्रमात ही मुलगी रिकाम्या हाताने उभी राहते. 'घरात पूर्वी काय होतं आणि ते का गेलं' असं विचारणाऱ्या उपक्रमात तिच्याकडे वर्गातलं सर्वांत भरलेलं पान असतं. प्रश्न कसा विचारला यावर मुलाचं उभं राहणं अवलंबून असतं. म्हणून कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांनी सजावटीपेक्षा प्रश्नांवर जास्त वेळ घालवायला हवा.

तिने ते पान भिंतीवर लावायला हो म्हटलं. आजीनेही म्हटलं. दोन-चार मुलांनी लावू दिलं नाही, आणि त्यांच्या न लावण्याबद्दल आम्ही एक शब्द काढला नाही.

इथे शाळांच्या एका सवयीबद्दल बोलायलाच हवं. ऑफिसातून सूचनेची वही येते आणि अमुक प्रवर्गातल्या मुलांनी उभं राहावं, शिष्यवृत्तीचे अर्ज न्यावेत, असं भर वर्गात मोठ्याने वाचलं जातं. चाळीस मुलांसमोर दहा मुलं उभी राहतात. त्या क्षणी त्यांना जी ओळख मिळते ती कुठल्याही उपक्रमाने पुसली जात नाही. शिष्यवृत्ती हा त्यांचा हक्क आहे आणि तो पालकांना पाकिटातून चिठ्ठी पाठवून देता येतो, त्याला खर्च येत नाही. ज्या शाळेत मुलं अशी उभी केली जातात तिथे ओळखीचा शोध वगैरे बोलू नये, आधी हे थांबवावं. मी हे प्रत्येक प्रशिक्षणात बोलते आणि बोलत राहणार आहे.

आणि शाळा गप्प बसली म्हणून मुलांच्या मनातला प्रश्न गप्प बसत नाही. नववीतल्या मुलांच्या फोनवर काय फिरतं ते एकदा बघावं. प्रत्येक जातीची रील्स आहेत, प्रत्येकीचं पार्श्वसंगीत आहे, तलवारी आहेत, सिंह आहेत, 'नाद करायचा नाय' आहे. मंडळं मिरवणुकीला मुलांना टी-शर्ट देतात. पंधरा वर्षांच्या मुलाला तिथे तयार ओळख मिळते, सोबत दोस्त मिळतात, आणि कुणावर तरी राग धरायची मुभा मिळते. मार्सिया म्हणतात ती न तपासता घेतलेली ओळख ही. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याची भूक खरी आहे. आमच्या वर्गातला एक मुलगा असाच होता, वहीच्या प्रत्येक पानावर जातीचं नाव वळणदार अक्षरात काढायचा. त्याच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा करवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांतल्या काही मी वर्गात ऐकवल्या होत्या. त्यांत रामा-विठ्ठलाच्या आहेत, सासुरवासाच्या आहेत, भावाच्या आहेत, बाबासाहेबांच्याही आहेत. त्याने आजीच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या आणि आपल्याच घराण्याच्या शौर्याबद्दल तिथे काही सापडेल अशा आशेने ऐकल्या. सापडलं ते आजीच्या थोरल्या बहिणीचं मरण, आणि माहेराला निरोप पाठवता आला नाही हे दुःख. तो सुधारला वगैरे असं मी म्हणणार नाही, वहीवरचं नाव अजून आहे. पण आता त्याला आपल्या घरातल्या बायकांबद्दल काहीतरी ठाऊक आहे, जे कुठल्याही रीलमध्ये येत नाही.

भिंतीवरच्या चित्रांबद्दलही थोडं. आमच्याकडे, आणि महाराष्ट्रभर, शाळांच्या कुंपणभिंतींवर वारली चित्रं असतात. ती मूळची लग्नघरात सवाशिणींनी तांदळाच्या पिठीने काढायच्या चौकाची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही कला शाळेच्या भिंतीवर यावी, यात आनंदच आहे. फक्त त्या भिंतीआड बसलेल्या वारली मुलाला तारपा कसा वाजतो हे विचारणारं कुणीतरी हवं.

आम्ही जे शेवटी उभं केलं ते साधंच होतं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढायचे. त्या धर्तीवर दर शनिवारी एक हस्तलिखित भित्तिपत्रक. संपादक मुलं, अक्षर मुलांचं, आणि कुठली भाषा वापरायची तेही तीच ठरवणार. देवनागरी लिपी असली की झालं, उर्दूवाल्या मुलाने दोन्ही लिप्यांत लिहिलं. गॅदरिंगही झालं. त्या गाठोड्यातले गवताचे घागरे या वेळी मागवले नाहीत. सुरगाण्याच्या मुलाच्या मामांनी पावरी आणली. ती मुलांसाठी वाजवली, पण डोंगऱ्या देवाचा फेर स्टेजवर धरायला त्यांनी नकार दिला. तो व्रताचा आहे, असा कसा कुठेही धरायचा, असं ते म्हणाले. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने ते जसंच्या तसं माइकवर सांगितलं. पालकांना ते कळलं. दाखवायचं नाही असंही काही संस्कृतीत असतं, हे मी वर्गात इतक्या नेमकेपणाने कधी शिकवू शकले नसते.

हे कुठेही करता येईल का, असं दुसऱ्या शाळांतले शिक्षक विचारतात. पैसे लागत नाहीत. एक तासिका लागते आणि ती गणिताला द्यायची नाही एवढा मुख्याध्यापकांचा आधार लागतो. शिक्षकाला स्वतःच्या जिल्ह्याचा इतिहास माहीत असावा लागतो, आणि बी.एड.मध्ये तो कुणी शिकवत नाही, तो आपला आपण वाचावा लागतो. मुलाने सांगितलेलं ऐकून घेताना चेहरा सांभाळावा लागतो, हे सर्वांत कठीण. आणि उपक्रम संपल्यावर मुलाने काही ठरवलं नाही तरी चालेल, असं मनापासून वाटावं लागतं. आपल्याकडे प्रत्येक उपक्रमाचा अहवाल फोटोसह अपलोड करायचा असतो. बंद पानांचा फोटो काढता येत नाही. तो रकाना आम्ही कोरा सोडला.

पुढच्या वर्षासाठी आम्ही एक बदल ठरवला आहे. बहात्तरच्या दुष्काळात विशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. गेल्या वर्षीच्या वह्यांमधल्या दोन आज्या आता नाहीत. जूनची वाट बघण्यात अर्थ नाही, म्हणून आठवीचा निकाल लागतो त्याच दिवशी मुलांच्या हातात वही द्यायची. उन्हाळ्यात ती गावाला जातात, खळ्यात, ओट्यावर, लग्नघरात म्हातारी माणसं भेटतात. पहिल्या पानावर तीनच प्रश्न छापायचे: या गावातून पहिल्यांदा बाहेर कोण गेलं, बहात्तरला घरात काय खाल्लं, आणि घरात पूर्वी होतं ते काय गेलं. चौथा प्रश्न त्या बौद्ध मुलीने सुचवला, ती आता दहावीत आहे: हे सगळं तुम्ही आम्हाला आधी का सांगितलं नाही?